स्ट्रासबर्गचें घड्याळ आणि कारागिराचा हात

महोत्सव म्हणजे वर्षांची मोजदाद. आपल्या देवळांत आजवर पास्काचे किती सण झाले, राखेच्या बुधवारीं किती वेळां कपाळाला राख लागली, याचा हिशेब आपण या मंगल प्रसंगीं मनांतल्या मनांत करीत असतों. परंतु हा हिशेब ठेवण्याची विद्या किती बिकट आहे, आणि ती लोखंड-पितळेच्या चाकांत उतरविण्यासाठीं ख्रिस्ती कारागिरांनीं पिढ्यान्‌पिढ्या किती हात झिजविले, हा विचार क्वचितच आपल्या मनाला शिवतो. म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांपुढें आम्ही एका घड्याळाची हकीकत ठेवीत आहों. तें घड्याळ आपल्या देशांतलें नाहीं. फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, ऱ्हाईन नदीजवळ वसलेल्या स्ट्रासबर्ग शहराच्या महामंदिरांत तें आहे. पण त्यांतून निघणारा बोध आपल्या घरचा आहे.

या महामंदिरांत आजवर तीन घड्याळें झालीं. पहिलें १३५२ ते १३५४ या काळांत उभारलें गेलें. त्याला ‘तीन राजांचें घड्याळ’ म्हणत; कारण पूर्वेकडील तीन ज्ञानी राजांच्या मूर्ति ठराविक वेळीं पवित्र मरिया व बाळ येशू यांच्यापुढें येऊन वंदन करीत. त्याच्या माथ्यावर एक कोंबडा होता. लोखंड, तांबें व लांकूड यांचा घडविलेला तो पक्षी पंख फडफडवी, चोंच उघडी, जीभ बाहेर काढी आणि आरवे. संत पेत्रानें प्रभूला नाकारलें त्या रात्रीची आठवण त्या आरवण्यांत भाविकांना होत असे. घड्याळ गेलें, कोंबडा मात्र राहिला. आज तो स्ट्रासबर्गच्या संग्रहालयांत आहे, आणि यंत्रानें हालणाऱ्या ज्या प्रतिमा जगांत शिल्लक आहेत त्यांतील अत्यंत जुन्या प्रतिमांमध्यें त्याची गणना होते.

दुसरें घड्याळ १५७१ ते १५७४ या वर्षांत झालें. त्या काळीं महामंदिर प्रॉटेस्टंट पंथाच्या ताब्यांत होतें. तें पुनः कॅथलिकांकडे आलें १६८१ सालीं. घड्याळाची योजना कॉनराड दासीपोडियुस या गणितज्ञाची. चाकें घडविणारे हात शाफहाउझेनच्या इसाक व योसियास या हाब्रेख्ट बंधूंचे. आणि चित्रें टोबियास श्टिमर याचीं. म्हणजे डोकें एकाचें आणि हात दुसऱ्यांचे होते. पास्का व त्यावर अवलंबून असणारे सण यांच्या तारखा त्यांनीं शंभर वर्षांपुरत्या आधींच गणित करून तबकडीवर रंगवून ठेविल्या. तीं वर्षें सरल्यावर तबकडी नव्यानें रंगविण्यावांचून गत्यंतर नव्हतें. चाकें फिरत होतीं, पण सणांचें गणित चाकांना येत नव्हतें.

या घड्याळाविषयीं एक दंतकथा युरोपांत फार प्रसिद्ध आहे. असें अप्रतिम घड्याळ दुसऱ्या शहरीं होऊं नये म्हणून नगरपित्यांनीं कारागिराचे डोळे काढविले, अशी ती कथा. इतर शहरांतील घड्याळांविषयींही हीच कथा सांगतात. तेव्हां तिला इतिहास समजण्याचें कारण नाहीं. पण खरा इतिहास दंतकथेहून अधिक बोलका आहे. १७८८ सालीं दुसरें घड्याळ बंद पडलें. चाकें झिजलीं होतीं. तीं जाणून पुनः चालतीं करणारा कोणी पुढें आला नाहीं, आणि पुढील पन्नास वर्षें तें भव्य घड्याळ भिंतीशीं मुकें उभें राहिलें. कोणाचे डोळे काढावे लागले नाहींत. एका पिढीनें दुसरीला शिकविलें नाहीं कीं ज्ञान आपोआप आंधळें होतें.

त्याच स्ट्रासबर्ग शहरीं १७७६ सालीं झां-बातिस्त श्विल्गे यांचा जन्म झाला. मंदिराचा सेवक पाहुण्यांना घड्याळ दाखवितांना म्हणे कीं हें आतां कधींही चालणार नाहीं. तें ऐकून लहानग्या श्विल्गे यांनीं तें आपण चालवूं असें जाहीर केलें, अशी गोष्ट सांगतात. मुलांचे असे बोल वाऱ्यावर जातात. हा बोल गेला नाहीं. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमींत हें कुटुंब सेलेस्ता या गांवीं गेलें. तेथें श्विल्गे घड्याळजीचें काम शिकले. गणित त्यांनीं बहुतांशीं स्वतःच्या बळावर संपादन केलें, आणि त्यांत इतकी गति मिळविली कीं पुढें ते वजनमापांचे तपासनीस व विद्यालयांत गणिताचे शिक्षक झाले. नंतर भागीदारींत त्यांनीं तराजूंचा कारखाना चालविला. कानस चालविणारा हात आणि गणित करणारी बुद्धि, हीं दोन्हीं प्रथमच एका माणसाच्या ठायीं एकत्र आलीं. १८२१ च्या सुमारास त्यांनीं असें एक लहान यंत्र तयार केलें, कीं जें पास्काची तारीख स्वतः काढून दाखवी.

हें काम किती अवघड आहे तें पाहूं. नाताळ दरवर्षीं २५ डिसेंबरलाच येतो, पास्का हलतो. २१ मार्च या दिवशीं किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार तो पास्काचा रविवार, असा नियम आहे. ही पौर्णिमा आकाशांत पाहून ठरवावयाची नसते. ख्रिस्तसभेच्या कोष्टकांनीं ठरलेली असते. त्यामुळें पास्का लवकरांत लवकर २२ मार्चला व उशिरांत उशिरा २५ एप्रिलला येतो. एकूण ३५ तारखांपैकीं कोणतीही एक. राखेचा बुधवार, प्रभूचें स्वर्गारोहण, पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण हे सर्व त्याच्या मागेंपुढें सरकतात.

या गणितांत सूर्य, चंद्र आणि आठवडा या तिघांचा मेळ घालावा लागतो, आणि तिघांची चाल निराळी. दर १९ वर्षांनीं चंद्राच्या कला जवळजवळ त्याच तारखांवर परत येतात. आपल्या पंचांगांत १९ वर्षांत सुमारें सात अधिक महिने धरतात, तेंही याच नियमावर. जुन्या कालगणनेंत दर २८ वर्षांनीं वार व तारीख यांची जोडी पूर्ववत् होई. पण १५८२ सालीं पोप तेरावे ग्रेगरी यांनीं पंचांग सुधारलें, ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला, आणि शतकवर्षांचा नवा नियम लागू झाला: ४०० नें भाग जाणारें शतकवर्ष तेवढें लीप. म्हणून १९०० सालीं २९ फेब्रुवारी नव्हता आणि २००० सालीं होता. चंद्राच्या कोष्टकांतही शतकाशतकाला दुरुस्ती आली. कागदावर हें गणित करतांना विद्वानांनाही डोकें खाजवावें लागतें.

श्विल्गे यांनीं हे सर्व नियम दांत्यांत मांडले. जी गोष्ट १९ वर्षांनीं पुनः येते तिच्यासाठीं १९ वर्षांत फेरा पुरा करणारें चाक. जी ४०० वर्षांनीं येते तिच्यासाठीं त्याच बेताची योजना. एक चाक दुसऱ्याला पुढें ढकलतें, दुसरें तिसऱ्याला अडवितें, आणि या ढकलण्या-अडविण्यांतून उत्तर निघतें. वर्षभर हें यंत्र निवांत असतें. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीं तें जागें होतें, नव्या वर्षाच्या पास्काची तारीख ठरवितें आणि पंचांगाच्या चक्रावर चल सण आपापल्या जागीं नेऊन बसवितें. कोणी माणूस तारीख सांगत नाहीं, तबकडी पुनः रंगवावी लागत नाहीं. विद्युत् गणकयंत्रांच्या पुष्कळ आधीं, केवळ कानस, करवत व कर्कटक यांच्या बळावर हें साधलें.

१८३८ सालीं नगरसभेनें त्यांना महामंदिरांतील घड्याळाचें काम दिलें, तेव्हां त्यांच्या वयाचीं ६१ वर्षें पूर्ण झालीं होतीं. जुनीं चाकें पुनः चालविण्याजोगीं नव्हतीं. म्हणून सुमारें १८ मीटर उंचीची जुनी चित्रमय चौकट कायम ठेवून त्यांनीं आंतील यंत्र सर्वस्वीं नवें केलें, आणि तें घडविण्यासाठीं चाकांचे दांते कापण्याचीं खास अवजारेंही स्वतः योजून तयार केलीं. दांता कापणें ही साधी गोष्ट नव्हे. त्याची बाजू अशी वळली पाहिजे कीं समोरच्या दांत्यावर ती लोळावी, घासूं नये. केसभर अधिक कापला तर चाल ढिली होते. केसभर कमी कापला तर चाक अडतें. १८४२ च्या २ ऑक्टोबरला घड्याळ प्रथम चालूं झालें. आज दुपारीं साडेबारा वाजतां तेथें बारा प्रेषित प्रभु ख्रिस्तापुढून एकेक करून जातात, प्रभु त्यांना आशीर्वाद देतो आणि नवा कोंबडा तीन वेळां आरवतो. घड्याळ त्या वेळीं बारा दाखवितें, कारण तें स्ट्रासबर्गच्या सूर्याचा मध्यमकाल पाळतें. पाहणारे प्रेषितांकडे पाहतात. पण त्याच यंत्रांत एक गति अशी आहे कीं तिचा एक फेरा पुरा होण्यास पंचवीस हजारांहून अधिक वर्षें लागतील. ती पुरी झालेली कोणीच पाहणार नाहीं, हें ठाऊक असूनही तिचे दांते तितक्याच निष्ठेनें कापले आहेत.

श्विल्गे १८५६ सालीं वारले. परंतु १७८८ सालचा प्रसंग पुनः आला नाहीं. त्यांच्या कारखान्यांत त्यांच्या हाताखालीं तयार झालेल्या उंगरर बंधूंनीं काम पुढें चालविलें, आणि त्या घराण्यानें पिढ्यान्‌पिढ्या त्या यंत्राची निगा राखली. आमच्या मतें श्विल्गे यांची सर्वांत मोठी कृति तें घड्याळ नव्हे, तर तें समजणारीं माणसें होत.

येथें आपल्याकडील एक उदाहरण आठवतें. १७३९ सालीं मराठ्यांनीं वसई जिंकल्यावर तेथील ख्रिस्तमंदिरांच्या घंटा मराठी मुलखांतील हिंदु देवळांत गेल्या. भीमाशंकर येथें व वाईजवळ मेणवली येथें अशा घंटा आजही आहेत. ज्या ओतारींनीं त्या ओतल्या त्यांचीं नांवें लोक विसरले, पण नाद गेला नाहीं. घंटा ओतणें ही मोठीच कला. परंतु एकदां उत्तम ओतलेली घंटा कोणी न जपतांही टिकते. घड्याळाचें तसें नाहीं. त्याला तेल हवें, कान हवा, झिजलेला दांता ओळखणारें बोट हवें. घंटेला एकच कारागीर पुरतो. घड्याळाला कारागिरांची परंपरा लागते.

धर्मग्रामही घंटेसारखा नसून घड्याळासारखा आहे. आपल्या देवळाचें छप्पर शाकारणारे, वेदीचें लांकूडकाम करणारे, बाजाची पेटी उघडून तिचा सूर लावणारे, विहिरीचा रहाट व इंजिन दुरुस्त करणारे हात आपल्यांत होते व आहेत. त्यांचें ज्ञान पुस्तकांत नाहीं; तें बोटांत आहे, आणि बोटांतील ज्ञान शेजारीं उभ्या राहिलेल्या मुलालाच देतां येतें. आपलीं मुलें शिकून मोठ्या हुद्द्यांवर जावीं ही इच्छा योग्यच आहे. पण ‘हाताचें काम हलकें’ ही समजूत जर त्यांच्याबरोबर वाढली, तर आपल्याही घरीं १७८८ साल येण्यास वेळ लागणार नाहीं. ज्या प्रभूला आपण भजतों तो नाझरेथच्या सुताराच्या घरीं वाढला व स्वतः सुतार म्हणून ओळखला गेला. १९५५ सालीं पोप बारावे पायस यांनीं १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफ यांचा सण म्हणून नेमला, तो याच सत्याच्या गौरवार्थ.

या महोत्सवीं आपण दिवंगत धर्मगुरूंचें व दानशूरांचें स्मरण करूं, तसेंच ज्यांचीं नांवें कोनशिलेवर नाहींत त्या कारागिरांचेंही करूं. आणि ज्यांना एखादी हातविद्या अवगत आहे त्यांनीं या वर्षीं निदान एक मुलगा किंवा मुलगी शेजारीं उभी करून ती शिकवावी, अशी आमची नम्र विनंति आहे. पुढील महोत्सवाचीं वर्षें मोजणारे हात आपणांस आजच घडवावयाचे आहेत. संत योसेफ त्या कामीं आपणां सर्वांस साह्य करो.