मूळ गाव कोणतं?

गेल्या दिवाळीत लातूरचं घर विकायला काढलं. घर म्हणजे काय, चार खोल्या, मागे आड आणि गेली बारा वर्षं दाराला कुलूप. मी पुण्यात, ताई बंगळुरात, आणि अण्णा (म्हणजे आमचे वडील) नोकरीसाठी नांदेडला गेले ते तिथलेच झाले. भावनिक वगैरे होण्याचं काही कारण नव्हतं. एजंट म्हणाला, "साहेब, जुने कागद काढून ठेवा. गिऱ्हाईक टायटल क्लिअर मागतंय."

माळ्यावरच्या ट्रंकेत कागद सापडले. लाईटबिलं, आजोबांच्या पेन्शनचे कागद, आणि सगळ्यात खाली कापडात गुंडाळलेला मूळ खरेदीचा कागद. उर्दूत!

पुण्या-मुंबईच्या मित्रांना हे ऐकून गंमत वाटते, म्हणून आधी थोडं सांगतो. लातूर काय, नांदेड काय, सगळा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. बाकीचा देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, आम्हाला तेरा महिने जास्त लागले. राज्यकारभाराची भाषा उर्दू. घरात मराठी बोलायचं आणि कचेरीत उर्दू वाचायची, हे आजोबांच्या पिढीला अगदी रोजचं होतं. मला मात्र त्यातलं एक अक्षर वाचता येईना. चार प्रोग्रामिंग लँग्वेजेस येतात, पण स्वतःच्या घराचा कागद वाचता येत नाही. आहे की नाही मजा!

कागद घेऊन नांदेडला गेलो. अण्णांचे जुने मित्र चाऊसचाचा, रिटायर्ड मास्तर. चष्मा पुसून त्यांनी वाचायला घेतलं. "हे बघ बेटा, साल १३५९ फसली." फसली सालात ५९० मिळवायचे, म्हणजे १९४९-५०. मग चाचांनी विकणाऱ्याचं नाव वाचलं, क्षणभर थांबले, आणि कागदाची घडी घालून माझ्या हातात दिला. म्हणाले, "बाकीचं अण्णाला विचार."

अण्णांना काय विचारलं ते शेवटी सांगतो. त्याआधी थोडा इतिहास, कारण तो कळल्याशिवाय त्या कागदाचा अर्थ लागत नाही.

चाऊस हे आडनाव नांदेड-परभणी-हिंगोलीकडच्या माणसाला नवीन नाही. शाळेत वर्गात एखादा तरी चाऊस असायचाच. पण हे लोक आले कुठून, हा प्रश्न मला चाळिशीपर्यंत पडला नव्हता. ते आले येमेनमधून. तिथल्या हद्रामौत नावाच्या प्रांतातून. चाऊस हा शब्द मूळचा तुर्की, फौजेतला हुद्दा, साधारण हवालदारासारखा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात हद्रामौतमधल्या कोरड्या दऱ्यांतून पोटासाठी बाहेर पडलेले तरुण कुणी जावाला गेले, कुणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आणि बरेचसे दख्खनला. इथे शिपाईगिरीला मागणी होती. निजामाला अरब हवे होते, जमीनदारांना हवे होते, आणि निजामाविरुद्ध उभं राहणाऱ्यांनाही हवे होते. १८१९ साली हटकरांचा नायक नौसाजी याने हदगावकडच्या नोव्हाच्या किल्ल्यातून शेवटची लढाई दिली, तेव्हा त्याच्या बाजूने लढणाऱ्यांत अरब शिपाई होते.

त्यातल्या काहींनी तर कमालच केली. हैदराबादच्या फौजेत जमादार असलेल्या उमर बिन अवध अल-कुऐती याने इथे अमाप पैसा कमावला आणि त्या जोरावर त्याच्या घराण्याने तिकडे येमेनात राज्य उभं केलं. मुकल्ला बंदरात राजधानी असलेलं हे कुऐती संस्थान १९६७ पर्यंत टिकलं. म्हणजे आपल्याकडच्या काळ्या मातीतल्या शेतसाऱ्याचा पैसा समुद्रापार जाऊन तिथली सत्ता बदलत होता. आपण डॉलर घरी पाठवतो आणि गावात बंगला बांधतो, त्यांनी सल्तनत बांधली. शेवटी गणित तेच.

आता दुसरी गोष्ट. ही तुम्हाला जास्त माहीत असेल.

१७०८ साली बादशहा बहादूरशहा आपल्या भावाशी लढायला दक्षिणेत उतरला. त्याच्याबरोबर गुरू गोविंदसिंगही गोदावरीकाठी नांदेडला आले. जन्म पाटण्याचा, कर्मभूमी पंजाब, आणि शेवट नांदेडला. इथेच त्यांनी माधोदास नावाच्या बैराग्याला बंदासिंग बनवून पंजाबात पाठवलं, इथेच ग्रंथसाहिबाला गुरूपद दिलं, आणि ऑक्टोबर १७०८ मध्ये इथेच देह ठेवला. खरं तर या रस्त्यावरची वर्दळ त्याहून जुनी. नामदेव महाराज आमच्या हिंगोलीजवळच्या नर्सीचे, असं आम्ही मानतो. त्यांची ६१ पदं ग्रंथसाहिबात आहेत, आणि पंजाबातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे. २०१५ चं साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. पंचप्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग हे बिदरचे, असं परंपरा सांगते. बिदर म्हणजे उदगीरहून एका दिवसात जाऊन यावं असं गाव. सचखंड एक्स्प्रेस सुरू व्हायच्या कितीतरी शतकं आधी हा रूट चालू होता तर!

पण एक गुरुद्वारा असला म्हणून काही वस्ती होत नाही. शिखांची मोठी वस्ती झाली ती १८३० च्या दशकात. हैदराबादचा कारभार तेव्हा महाराजा चंदूलाल या खत्री दिवाणाच्या हातात होता, आणि लाहोरात रणजितसिंग राज्य करत होते. लाहोरहून शिखांची फौज दख्खनला आली. तिला लाहोरी फौज म्हणत. काम काय? तेच, जे अरबांचं होतं. दंगा मोडणं, सारावसुली, खजिन्याचा पहारा. याच दशकात रणजितसिंगांच्या खर्चाने नांदेडचा आजचा गुरुद्वारा उभा राहिला. शिपाई परत गेले नाहीत. इथेच लग्नं केली, मुलंबाळं झाली, आणि त्यांचे दखनी शीख झाले.

हुजूर साहिबला गेलात तर नीट बघा. तिथे दशम ग्रंथही मानाने ठेवतात, शस्त्रांना चंदन लावतात, दसऱ्याला झटक्याचा बळी असतो, गोदावरीचं पाणी घागरीने आणतात. पंजाबहून आलेले यात्रेकरू यातल्या काही गोष्टी पाहून चकित होतात. कारण पंजाबात विसाव्या शतकात सुधारणा चळवळीने बरंच काही बदललं, आणि इथलं जुनं तसंच राहिलं. घर सोडून गेलेली माणसं घरच्यांपेक्षा जास्त जुनं जपतात. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती पाहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तर मुद्दा असा. मालक एकच, निजाम. काम एकच, शिपाईगिरी. काळही साधारण एकच. दोघंही परमुलखातून आलेले, दोघांनीही इथे संसार थाटले, दोघंही गावच्या लोकांना सारखेच धाकात ठेवणारे. (अरब-रोहिले येणार म्हटलं की गावं सामसूम व्हायची, असं आजी सांगायची. लाहोरी शिपाई वसुलीला आल्यावर काही फुलं उधळत नसतील.) शंभर वर्षांनी या दोघांचं काय झालं?

१९४८ उजाडलं. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातुरात वकिली करणारा. त्याच्या माणसांनी गावोगाव जो उच्छाद मांडला, तो आमच्याकडे घराघरात सांगितला जातो. हजारो कुटुंबं हद्द ओलांडून बार्शी, सोलापूर, उमरखेडकडे पळाली. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य आत शिरलं, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. दर १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो ते याचं, आणि करायलाच पाहिजे.

त्यानंतरच्या आठवड्यांचं मात्र कुणी भाषण करत नाही. सरकारनेच नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीने १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संस्थानभर फिरून अहवाल दिला. तो कित्येक वर्षं कुलुपात होता. समितीचा अंदाज असा, की पोलीस ॲक्शनच्या दरम्यान आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. बहुतेक मुसलमान. सगळ्यात जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही दोन नावं आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. समिती म्हणते, लातूर शहरात सुमारे दहा हजार मुसलमान होते, आम्ही गेलो तेव्हा जेमतेम तीन हजार दिसले. जीव धोक्यात घालून शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचाही उल्लेख त्यात आहे. पण आकडा आकडाच असतो.

अरबांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली. नव्या सरकारच्या लेखी ते 'परदेशी' ठरले. पुष्कळांना अटकेत ठेवलं, परत पाठवायचं ठरलं. टेलर शेरमन या इतिहासकार बाईंनी यावर लिहिलं आहे. कागदावर सोपी वाटणारी ही गोष्ट प्रत्यक्षात फार किचकट निघाली, कारण परदेशी ओळखायचा कसा? बाप हद्रामौतचा, आई इथली, जन्म इथला, भाषा दखनी, येमेन कधी पाहिलेलंही नाही. पाठवायचा कुठे? शेवटी काही गेले, बरेचसे राहिले. चाऊसचाचांचे वडील राहिलेल्यांपैकी.

शीख शिपायांच्या नातवंडांना मात्र 'तुम्ही परदेशी का' असं कुणी विचारलं नाही. लाहोर तर १९४७ पासून खरोखरच परदेशात होतं! १९५६ मध्ये नांदेडच्या गुरुद्वाऱ्यासाठी कायदा झाला, बोर्ड झालं. ज्या कॉलेजातून मी इंजिनिअर झालो, त्या १९८१ साली निघालेल्या विष्णुपुरीच्या कॉलेजला गुरू गोविंदसिंगांचंच नाव आहे. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीला ३०० वर्षं झाली, तेव्हा नांदेडचा चेहराच बदलला. रस्ते रुंद झाले, विमानतळाचं नूतनीकरण झालं, यात्री निवास उभे राहिले. कॅनडा-इंग्लंडहून माणसं आली, लंगरात भांडी घासू लागली. पंजाबातून जगभर गेलेल्या माणसांच्या श्रद्धेने मराठवाड्यातलं एक शहर घडवलं. (त्या रुंदीकरणात गुरुद्वाऱ्याभोवतीची जुनी घरं-दुकानं गेली, त्यांचीही आठवण ठेवू.) याचं मला मनापासून कौतुक आहे. माझा मुद्दा एवढाच, की कोण आपला आणि कोण बाहेरचा हे आल्याच्या तारखेवरून ठरत नाही. तसं असतं तर दोघांचा निकाल एकच लागला असता. ज्या दिवशी सत्ता बदलते, त्या दिवशी तुम्ही कोणत्या बाजूचे समजले जाता, त्यावरून ते ठरतं. आणि ते समजणारे तुम्ही नसता.

माझा एक वर्गमित्र नांदेडचा सरदार. हल्ली टोरांटोजवळ राहतो. तिथल्या गुरुद्वाऱ्यात त्याला विचारतात, तुझं पिंड कोणतं? पिंड म्हणजे गाव. हा सांगतो, नांदेड. समोरचा म्हणतो, नाही नाही, मूळ गाव? त्याच्या सहा पिढ्या गोदावरीचं पाणी प्यायल्या, याला पंजाबी यथातथा, शिव्या मराठीत. न्यू जर्सीत असताना मलाही 'ओरिजिनली कुठले' असं विचारायचे, आणि पुण्यात भाड्याने घर शोधताना एका घरमालकांनी 'मराठवाड्यातले का?' म्हणून जो स्वर लावला होता तो अजून कानात आहे. तेव्हा रागाने दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. त्या रागाच्या भरात आपलं स्वतःचं घर कुणाचं होतं, हा प्रश्न काही सुचला नाही.

त्या संध्याकाळी अण्णांना विचारलं. ते बराच वेळ टीव्ही बघत राहिले. मग आवाज बारीक करून म्हणाले, "४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांनी आपलं गावातलं घर जाळलं. आजोबा सगळ्यांना घेऊन बार्शीला गेले, छावणीत राहिले. मी आजीच्या कडेवर होतो. परत आलो तर राहायला जागा नाही. हे घर विकायला होतं. त्यांच्या घरातली दोन माणसं गेली होती, उरलेले हैदराबादला निघाले होते."

"भाव काय लागला?"

"त्या दिवसांत काय भाव असणार?" अण्णा म्हणाले. "आजोबा कधी सांगायचे नाहीत. एकदाच म्हणाले होते, आपण परत आलो, ते आले नाहीत."

मी त्या कुटुंबाचं नाव हैदराबादच्या एक-दोन ओळखीच्यांना विचारून पाहिलं. पंचाहत्तर वर्षांनी काय सापडणार? अण्णा म्हणाले, सापडले तर तू काय करणार आहेस? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

चाऊसचाचांकडून त्या कागदाचं मराठी करून घेतलं. चाचांनी पैसे घेतले नाहीत, उलट जेवून जा म्हणाले. निघताना मी उगाच काहीतरी बोलायला लागलो, तर त्यांनी थांबवलं. "तुझ्या आजोबांनी पैसे मोजून कागद केला बेटा. कुणी कुणी तर तेवढंही केलं नाही."

मागच्या महिन्यात व्यवहार झाला. वकिलाने सगळे कागद तपासले, शिक्का मारला आणि हसून म्हणाला, "काळजी करू नका, टायटल एकदम क्लिअर आहे."

असो. उर्दू कागदाची झेरॉक्स मी माझ्याकडे ठेवली आहे.