पवई परिसरातील ईस्ट इंडियन कुळांचा शोध

पवई, तिरंदाज, पासपोली, मरोळ या गावांतील ईस्ट इंडियन कुटुंबे पूर्वजांचा शोध घेऊ लागली, की प्रथम आडनावाचा धागा धरतात. तो धागा फसवा आहे. पोर्तुगीज काळात बाप्तिस्म्यासमयी परेरा, डिसोजा, फर्नांडिस अशी आडनावे परस्परांशी नाते नसलेल्या अनेक घराण्यांना लाभली. परिणामी एकाच गावात एकाच नावाचे दोघे-तिघे समकालीन गृहस्थ आढळतात. त्यांतील भलताच मनुष्य पणजोबा म्हणून स्वीकारला, तर पुढची सारी वंशावळ परक्याची होते. तीच गावठाणातील घराच्या वारसाहक्कासाठी जोडली गेली, तर भावकीत वितुष्ट येते. म्हणून मनुष्य ओळखावा तो गाव, पाखाडी, घराचे टोपणनाव आणि धर्मपिता-धर्ममाता यांवरून. टोपणनावे घरातील वृद्धांनाच ठाऊक असतात; ती आधी लिहून घ्यावीत.

धर्मग्रामाच्या कार्यालयात नेहमीचा छोटा दाखला न मागता बाप्तिस्म्याच्या संपूर्ण नोंदीचा, समासातील टिपांसह, उतारा मागावा. १९०८ पासून अमलात आलेल्या 'ने तेमेरे' या आज्ञापत्राने विवाहाची टीप वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीपाशी करणे बंधनकारक केले. समासातील ही एक ओळ अनेकदा लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या आजीचा माग लावून देते. जुन्या नोंदी पोर्तुगीज किंवा लॅटिन भाषेत असतात. परंतु त्यांचा साचा ठरलेला असल्याने दहा-पंधरा शब्द शिकल्यास काम भागते.

पूर्वजांचे गाव त्या वर्षी कोणत्या चर्चकडे होते, हा प्रश्न मात्र टाळू नये. मरोळजवळच्या कोंदिता येथील संत योहान बाप्तिस्ताचे १५७९ चे चर्च १८४० च्या सुमारास साथीमुळे सोडावे लागले व धर्मग्राम मरोळ येथे हलला. त्या चर्चचे भग्नावशेष आज सीप्झच्या आवारात आहेत. पुढे विहार (१८६०) आणि पवई (१८९१) या तलावांनी परिसराचा नकाशाच बदलला. तेव्हा पवईत नोंद सापडली नाही, तर मरोळ व शेजारच्या अन्य जुन्या चर्चमध्ये विचारावे. साष्टीतील पाद्रुआदोची चर्चे १८८६ पर्यंत गोव्याच्या व त्यानंतर १९२८ पर्यंत दमणच्या धर्माधिकारात होती, हेही जुना पत्रव्यवहार शोधताना ध्यानी असावे. पणजीच्या पुराभिलेख खात्यात पोर्तुगीज राजवटीचे दप्तर आहे. पण तिकडे धाव घ्यावी ती सर्वांत शेवटी.

थडग्यांवर फार विसंबू नये. मुंबईत जागेअभावी कबरी पुन्हा वापरल्या जातात. त्यापेक्षा मृत्यूची नोंदवही आणि नगर भूमापन कार्यालयातील मालमत्ता पत्रक अधिक उपयोगी.

कार्यालयात जाताना नाव, आईवडिलांची नावे आणि अंदाजे दहा वर्षांचा कालखंड कागदावर लिहून न्यावा. आणि कृपया रविवारच्या मिस्सानंतर येऊ नये. त्या वेळी आम्हा धर्मगुरूंना आमचे स्वतःचे नावही आठवत नाही.