पट्टी नेमकी कशाला चिकटते?

देऊळगाव राजात दसरा जवळ आला की पेंटर मिळणे मुश्कील होते. बालाजीची यात्रा तोंडावर, पाहुणे येणार, घर जरा बरे दिसायला हवे. पूर्वी या दिवसांत अंगणात चुना भिजत पडलेला असे. आता फोनवर व्हिडिओ बघून सजावटीच्या पट्ट्या मागवल्या जातात. लाकडी, पीव्हीसीच्या किंवा फोमच्या, मागे चिकट टेप लावलेल्या. भिंतीवर चौकटी पाडायच्या, मधोमध टीव्ही. पण भिंतीवर आधीच उठावाच्या नक्षीचा जुना वॉलपेपर असतो. तो खरवडायला वेळ कुणाकडे आहे? मग प्रश्न पडतो, त्याच्यावरच पट्टी लावली तर?

या प्रश्नाचे उत्तर भिंतींच्या इतिहासात सापडते.

वऱ्हाडातल्या मातीच्या घरांतही पट्टा असायचा. भिंत मातीने लिंपलेली, वर पांढरी माती किंवा चुना, आणि खाली हात-दीड हात उंचीपर्यंत गेरूचा तांबडा पट्टा. दिसायला शोभिवंत, पण त्याचे खरे काम वेगळे होते. जमीन सारवताना उडणारे शिंतोडे, केरसुणीचे फटकारे, पाठ टेकून बसणाऱ्यांच्या डोक्याचे तेल हे सगळे भिंतीच्या खालच्या भागावरच यायचे. गेरूवर ते फारसे दिसत नसे आणि सणाला तेवढाच पट्टा पुन्हा ओढून भागत असे. पुढे शाळा आणि कचेऱ्यांत त्या जागी ऑइलपेंटचा पट्टा आला. काम तेच राहिले.

त्या घरांत भिंतीला चिकटवलेले असे फारसे काही नसायचे. दिव्यासाठी कोनाडा असे, तो भिंतीतच ठेवलेला. टोपी-सदऱ्यासाठी खुंटी असे, तीही भिंतीत खोल रुतवलेली. भार पेलायचा असेल तर भिंतीच्या आत शिरायचे, असा सरळ हिशोब होता.

उठावाच्या वॉलपेपरची गोष्ट इंग्लंडमधली, पण तिथेही हाच हिशोब दिसतो. लिनोलियम शोधणाऱ्या फ्रेडरिक वॉल्टनने 1877 मध्ये जवसाच्या तेलापासून ‘लिंक्रस्टा’ नावाचे जाड, नक्षीदार आच्छादन काढले. कोरीव लाकडाचा किंवा चामड्याचा थाट, तोही कमी पैशांत. दहाएक वर्षांत त्याच्याच हाताखाली काम केलेल्या थॉमस पामरने कागदाच्या लगद्याचा हलका प्रकार आणला, त्याचे नाव ‘अ‍ॅनाग्लिप्टा’. ही आच्छादने बऱ्याचदा भिंतीच्या खालच्या भागात लावत, म्हणजे आपल्या गेरूच्याच जागी. त्यांच्या वरच्या कडेवर आडवी लाकडी पट्टी असे. खुर्चीच्या पाठीने गिलावा खरवडू नये म्हणून ती होती आणि तिच्यामुळे कागदाची कडही झाकली जाई. पण ती कागदाच्या भरवशावर राहत नसे. ती खिळ्यांनी पक्की केलेली असे.

एका थरावर दुसरा थर चढवताना काय होते, हे बघायचे तर फार लांब जायला नको. देऊळगाव राजाहून सकाळी निघून अजिंठा बघून रात्री परत येता येते. तिथली चित्रे थेट दगडावर नाहीत. दगडावर मातीचा गिलावा आहे, त्यात वाळू, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले. त्यावर पातळ पांढरा हात, आणि मग रंग. हा गिलावा जागोजागी सुटू लागला होता. म्हणून 1920 च्या सुमारास निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा पुन्हा दगडाला धरवला, हे मोलाचे काम झाले. पण चित्रांवर लाखेचा पारदर्शक हातही दिला गेला. त्याआधी चित्रांच्या नकला करणाऱ्यांनीही वार्निश लावलेलेच होते. सुरुवातीला रंग उजळ दिसले. काही दशकांत लाख तपकिरी पडली, तिच्यावर धूळ आणि काजळी बसली, चित्रे झाकोळली. पुढे पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना ती लाख उतरवण्यात वर्षानुवर्षे घालवावी लागली.

एकाच कामातले हे दोन भाग बघा. जे खालच्या थराला धरून केले, ते उपयोगी पडले. जे वरून चढवले, ते पुढे वर्षानुवर्षे निस्तरावे लागले.

देऊळगाव राजाच्या मातीत या विषयाची आणखी एक, जास्त गंभीर आठवण आहे. याच तालुक्यातले मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते. वरच्या रंगरूपाला भुलू नका, असे बजावणारे हे संत. परंपरा सांगते की 1338 मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाचे काम सुरू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले. ज्या देवळात त्यांना पाऊल टाकू दिले नाही, त्याच्या महाद्वारासमोर पंढरपुरात त्यांची समाधी आहे. भिंतीवर चित्र काढणाऱ्याचे, नक्षी शोधणाऱ्याचे नाव कधीमधी टिकते. भिंत रचणाऱ्याचे नाव सहसा कुणाला आठवत नाही. त्या कामात गेलेल्या माणसांपैकी आपल्याला माहीत असलेले एक नाव हे. भिंत आतून कशी आहे, हे आधी कळते ते तिच्यावर हात चालवणाऱ्याला. म्हणून पट्टी विकणाऱ्याचे ऐकण्याआधी गवंड्याला विचारावे.

आता आपल्या खोलीतली भिंत. उठावाच्या कागदावर टेप लावली की ती फक्त उंचवट्यांना चिकटते, मधले खळगे मोकळेच राहतात. जेवढी चिकटते, तेवढीही कागदाला. कागद लटकतो जुन्या खळीवर, खळ रंगावर, रंग गिलाव्यावर. यातली सगळ्यात कच्ची कडी जेवढे वजन पेलेल, तेवढेच पट्टी पेलणार. पावसाळ्यात ओल आली की पट्टी कागदासकट खाली येते.

म्हणून आधी बोटाच्या पेराने भिंत ठोकून बघा. पोकळ आवाज येत असेल किंवा कड नखाने उचलली जात असेल, तर पूर्ण कागद काढणेच बरे. कागद घट्ट असेल तर पट्टी जिथे येणार तिथे पेन्सिलने दोन रेषा मारा, पट्टीच्या रुंदीपेक्षा किंचित आत. कटरने तेवढाच कागद कापून काढा, खळ पुसा, वाळू द्या, प्रायमरचा हात द्या आणि मग पट्टी चिकटवा. लाकडी पट्टी असेल तर नुसत्या गोंदावर विसंबू नका. आतून वायर गेली नाही ना, हे बघून भोक पाडा, प्लास्टिकची गिट्टी ठोका आणि स्क्रू आवळा. कडेला राहिलेल्या फटी फिलरने भरा.

भिंत मातीची असेल तर मात्र गिट्टी धरणार नाही आणि कागदामागे ओल कोंडून राहील. तिथे कागद उतरवून चुन्याचा हात द्यावा, खाली गेरूचा पट्टा ओढावा. पुढच्या दसऱ्याला तो पुन्हा ओढता येतो.