अजिंठा कुठल्या पुस्तकात बघायचा?

पहिल्यांदा अजिंठा बघून परत आलो तेव्हा मी मनातून नाराज होतो. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. जगप्रसिद्ध चित्रं बघून आलेला माणूस ‘नीट दिसलं नाही’ असं कसं म्हणणार? पण खरंच नीट दिसलं नव्हतं. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात मंद दिवे, पुढे कठडा, मागून गर्दीचा रेटा, आणि चित्रांवर कसलीशी तपकिरी-पिवळी झाक. पद्मपाणी तेवढा ओळखता आला, कारण तो कॅलेंडरवर पाहिलेला होता.

परतीच्या बसमध्ये फोनवर शोधता शोधता एका जुन्या पुस्तकाचं स्कॅन सापडलं. जॉन ग्रिफिथ्सचं ‘द पेंटिंग्ज इन द बुद्धिस्ट केव्ह-टेंपल्स ऑफ अजंठा’, दोन खंड, लंडन, १८९६-९७. जे भिंतीवर दिसलं नव्हतं ते सहा इंचांच्या स्क्रीनवर दिसायला लागलं: दागिन्यांची घडण, बोटांची वळणं, छतावरची फुलं-फळं. मग या पुस्तकाच्या मागे लागलो, आणि लक्षात आलं की अजिंठ्याच्या पुस्तकांना स्वतःचाच एक इतिहास आहे. तो बराचसा आगींचा आहे.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीला आला असता त्याला ही लेणी दिसली. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. म्हणजे नोंदीची सुरुवातच खरवडण्याने झाली. पुढे जेम्स फर्ग्युसनने या चित्रांकडे सरकारचं लक्ष वेधलं आणि १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिलला नकला करायला नेमलं. गिल आणि पारो यांची गोष्ट मराठी वाचकाला ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’मुळे माहीत असते. गिलने भरपूर वर्षं खपून मोठमोठ्या कॅनव्हासवर चित्रं उतरवली. ती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली गेली. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि मोजकी सोडून सगळी जळाली. गिल अजिंठ्याच्या मुलखातच राहिला, १८७९ मध्ये वारला. त्याचं थडगं भुसावळला आहे.

मग काम आलं मुंबईच्या कला विद्यालयाकडे, म्हणजे आजच्या जे. जे.कडे. ग्रिफिथ्स तिथे शिकवत होता. १८७२ पासून १८८५ पर्यंत तो विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिला. त्या विद्यार्थ्यांत पुढे चित्रकार म्हणून नावाजलेले पेस्तनजी बोमनजी होते. सुमारे ३०० कॅनव्हास तयार झाले आणि लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेले. १८८५ मध्ये तिथेही आग लागली. शंभराहून जास्त चित्रं गेली.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे: बॅकअप एकाच जागी ठेवायचा नाही. एका सर्व्हरवर विसंबून राहिलेल्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. ग्रिफिथ्सला हा धडा फार महागात मिळाला. उरलेल्या साहित्यातून त्याने जे दोन खंड काढले, त्यांच्या प्रती ठिकठिकाणच्या ग्रंथालयांत पोचल्या. एक जळाली तरी दुसरी राहील. म्हणूनच ते चित्र माझ्या फोनपर्यंत आलं. पुस्तकावर लेखक म्हणून नाव मात्र एकट्या ग्रिफिथ्सचं आहे.

इथे गोष्ट संपली असती तर मी फक्त कृतज्ञ राहिलो असतो. पण नक्कल करताना रंग उठून दिसावेत म्हणून ग्रिफिथ्सने मूळ चित्रांवर व्हार्निश लावलं होतं. ते कालांतराने पिवळं पडलं, त्यावर धूळ आणि काजळी बसली. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रं वाचवण्यासाठी पुन्हा लाखेचा लेप दिला. तोही काळवंडला. हे थर काढण्याचं काम पुरातत्त्व खातं कित्येक दशकं करत आलं आहे. म्हणजे मला कठड्यामागून दिसलेल्या त्या तपकिरी झाकेत, बसमध्ये ज्या पुस्तकावर मी खूश झालो, त्याच्या खर्चाचाही वाटा होता. मूळ चित्राने आपल्या बॅकअपची किंमत मोजली. हे कळल्यावर ते पुस्तक पहिल्यासारखं निवांत बघता येत नाही.

पण मग बघायचं कुठलं? माझा क्रम सांगतो.

ग्रिफिथ्स आधी, कारण त्याच्या पानांवरचे काही तुकडे आता भिंतीवर उरलेलेच नाहीत. शिवाय त्याचं स्कॅन फुकट मिळतं. त्यानंतर ‘अजंठा फ्रेस्कोज’, १९१५. ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या चित्रकर्तीबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हलदार अशा तरुणांनी केलेल्या या नकला. यात रेषा बघा. नावातल्या ‘फ्रेस्को’वर जाऊ नका, अजिंठ्याची चित्रं ओल्या चुन्यावर नाहीत, वाळलेल्या गिलाव्यावर काढलेली आहेत.

तिसरं, गुलाम याजदानींचं ‘अजंठा’. ते हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. इथे ब्रशची जागा कॅमेऱ्याने घेतली. १९३० ते १९५५ या काळात चार भाग निघाले. पहिला आला तेव्हा अजिंठा निजामाच्या राज्यात होता. शेवटचा आला तेव्हा ते राज्य जाऊन सात वर्षं झाली होती.

खिशाला परवडेल असं एकच हवं असेल तर बिनॉय बहल यांचं ‘द अजंठा केव्ह्ज’ शोधा. प्रखर दिवे न लावता, आहे त्या अंधुक उजेडात त्यांनी हे फोटो काढले. चित्राला हात न लावताही नोंद करता येते, हे त्यात दिसतं. आणि ही लेणी कुणी, कधी, किती घाईत खोदली या वादात शिरायचं असेल तर वॉल्टर स्पिंक यांचे खंड आहेतच. बहुतेक चित्रित लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातल्या जेमतेम वीसेक वर्षांत झाली, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांना ते पटत नाही.

मी दुसऱ्यांदा अजिंठ्याला गेलो ते ग्रिफिथ्सची पानं फोनवर उतरवून घेऊन. लेण्याबाहेरच्या पायरीवर बसून एकेक चित्र बघायचं, फोन खिशात ठेवायचा आणि मग आत जायचं. या वेळी त्या पिवळट थराखालची बोटं सापडली. मागून कुणीतरी ‘चला पुढे’ म्हणालं, तरी थोडा वेळ उभाच राहिलो.