टॉलस्टॉय, कोल्हा आणि कंपनीतला हेजहॉग

कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये 'हेजहॉग कन्सेप्ट'ची स्लाइड बघितली नाही असा आयटीवाला विरळाच. जिम कॉलिन्सच्या 'गुड टू ग्रेट' (२००१) मधली ही कल्पना. एकच गोष्ट पकडा, तीच उत्तम करा, बाकी सोडा. कॉलिन्सने हा प्राणी उचलला आयझाया बर्लिनच्या निबंधातून. गंमत म्हणजे तिथे हेजहॉग व्हायची धडपड करणारा माणूस शेवटी दुःखीच राहतो!

बर्लिन ऑक्सफर्डचा, विचारांचा इतिहास लिहिणारा. १९५१ साली 'ऑक्सफर्ड स्लाव्हॉनिक पेपर्स'मध्ये त्याने टॉलस्टॉयच्या इतिहासाविषयीच्या संशयावर शोधनिबंध लिहिला. तेव्हा शीर्षकात ना कोल्हा होता ना हेजहॉग. १९५३ मध्ये तो वाढवून पुस्तक निघालं, त्याचं नाव 'द हेजहॉग अँड द फॉक्स'. (हेजहॉग म्हणजे आपलं साळिंदर नव्हे, धोका दिसला की गोळा होऊन बसणारा छोटा काटेरी जीव.) कोल्हे अनेक गोष्टींत रमतात, हेजहॉग सगळं एकाच तत्त्वाला टांगतात. एका प्राचीन ग्रीक कवीच्या ओळीवरून सुचलेली ही विभागणी. लोक नेमकी तेवढीच लक्षात ठेवतात, खरा माल पुढे आहे.

'वॉर अँड पीस' वाचताना आपण काय करतो? नताशा, पिएर, आंद्रेई वाचतो आणि इतिहासावरचं प्रवचन आलं की पानं उलटतो. बर्लिन नेमका तिथेच थांबला. बोरोदिनोच्या लढाईत (१८१२) नेपोलियनचे हुकूम पोचेपर्यंत रणांगणावरची परिस्थितीच बदललेली असते. तरी इतिहासकार सगळं त्याच्या नावावर लिहितात, याचा टॉलस्टॉयला संताप! मग उपाय? चक्क कॅल्क्युलस. असंख्य माणसांच्या बारीकसारीक इच्छांचं इंटिग्रेशन केलं तर म्हणे इतिहासाचे नियम सापडतील. (एम-थ्री सुटलेल्यांनी इथे कॉलर ताठ करावी.) पण ते इंटिग्रेशन करणार कोण आणि कसं? बर्लिनच्या मते टॉलस्टॉय हा जातिवंत कोल्हा. प्रत्येक माणसाचं वेगळेपण टिपणारी नजर, पण हवं होतं एकच अंतिम सत्य. आणि कुणी असं सत्य पुढे केलं की तीच नजर त्याच्या चिंधड्या करायची.

बर्लिन स्वतः १९०९ साली रिगात जन्मलेला. १९१७ च्या क्रांतीत, पेट्रोग्राडमध्ये, जमाव एका पोलिसाला फरफटत नेताना त्याने लहानपणी पाहिलं होतं. हिंसेचा तिटकारा तिथून आयुष्यभर राहिला, असं तोच सांगायचा. म्हणून की काय, त्याचा खरा लाडका टॉलस्टॉय नव्हे, अलेक्झांडर हर्झन. १८४८ ची क्रांती चिरडली जाताना पॅरिसमध्ये बघितलेला, तरी समाजवादी राहिलेला, आणि उद्याच्या सुखासाठी आजच्या माणसांचा बळी द्यायला साफ नकार देणारा. मला विचाराल तर ट्रेनिंगच्या स्लाइडवर हा माणूस हवा होता. असो.

हे विखुरलेले निबंध हेन्री हार्डी आणि आयलीन केली यांनी १९७८ मध्ये 'रशियन थिंकर्स'मध्ये एकत्र केले. त्यातून स्फूर्ती घेऊन टॉम स्टॉपर्डने 'द कोस्ट ऑफ युटोपिया' (२००२) ही नाटकत्रयी लिहिली. ती न्यूयॉर्कला गाजत होती तेव्हा, २००७ च्या सुमारास, तिथल्या दुकानांत हे पुस्तक मिळेनासं झालं होतं! निबंध सुटे आहेत, कुठूनही वाचता येतात. हर्झनपासून सुरुवात करा. टॉलस्टॉयवरचा लांबलचक आहे, त्याला अख्खा रविवार ठेवा.