आलियानोच्या शेळ्या
इटलीचा नकाशा बुटासारखा. त्या बुटाची टाच आणि चवडा यांच्यामधल्या खोलगट भागात बासिलिकाता प्रांत आहे. तिथल्या एका मातीच्या टेकडीवर आलियानो हे गाव. वस्ती आज जेमतेम हजाराच्या आसपास. भोवती नुसत्या पांढुरक्या घळी.

हे गाव जगाला कळलं ते एका हद्दपार माणसामुळे. कार्लो लेव्ही, तुरीनच्या ज्यू घराण्यातला चित्रकार, शिक्षणाने डॉक्टर. मुसोलिनीच्या विरोधात गेला म्हणून १९३५ साली त्याला इकडे धाडलं. १९३६ च्या मे महिन्यात तो सुटला आणि १९४५ साली त्याचं पुस्तक आलं. ख्रिस्त एबोलीलाच थांबला, असं त्याचं नाव. एबोली हे वाटेवरचं गाव. रस्ता अन् रेल्वे तिथे समुद्रकिनारा सोडून आतल्या भागाकडे वळते. आपल्यापर्यंत देवही पोचला नाही, असं हे शेतकरी म्हणत.

सरकार मात्र पोचलं होतं, कर घ्यायला. शेळ्या पिकं खातात म्हणून शेळ्यांवर कर बसला. जिथे चांगलं पीक होतं तिथे ते ठीक असेल. इथे काटेरी झुडपांशिवाय होतं काय खायला? कर परवडेना, तेव्हा गरिबांनी शेळ्या मारून टाकल्या. दूध गेलं, चीज गेलं.

हे पान मी दोनदा वाचलं. मुंगी बघून पाऊल टाकायला शिकवलेलं आपलं घर; मन आधी त्या मुक्या जिवांपाशीच अडकलं. मग दिसली ती दुधाविना राहिलेली पोरं. हा कायदा लिहिणाऱ्याने आलियानोची घळ कधी पाहिली असेल का हो?

त्यात मलेरिया. लेव्ही औषध देऊ लागला, तर त्यालाही वरून बंदी आली. लोक चिडले, पण हुकूम तो हुकूम. पुरुष तर केव्हाच अमेरिकेला गेलेले. गावात बाराशे माणसं आणि अमेरिकेत गावचे दोन हजार, असा हिशेब त्याने दिलाय. मागे राहिलेल्या बायकांच्या घरांत भिंतीवर दोनच चित्रं: विज्जानोची काळी माता आणि अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्ट. राजाचं नाही, मुसोलिनीचंही नाही.

उन्हात लेव्ही टेकडीवरच्या कबरस्तानात जाई आणि नव्याने खणलेल्या रिकाम्या खड्ड्यात गारव्याला पडून राही. १९७५ साली तो वारला, तेव्हा त्याला तिथेच पुरलं.