पाच खुणांत मावलेला नाच

ब्रसेल्सच्या राजग्रंथालयात काळ्या पानांची एक पोथी जपून ठेवलेली आहे. ती एके काळी ऑस्ट्रियाच्या मार्गारेटच्या संग्रहात होती. पानांवर सोनेरी-रुपेरी शाईने स्वर मांडले आहेत आणि स्वरांखाली सुटी अक्षरे. मोठा आर म्हणजे अभिवादन. बी म्हणजे जागच्या जागी झुलणे. जोडीने येणारे दोन एस म्हणजे दोन साधी पावले, डी म्हणजे दुहेरी पाऊल आणि छोटा आर म्हणजे मागे सरकणे. एका दीर्घ स्वराला एक खूण. एवढ्या पाच खुणांत बर्गंडीच्या दरबारातला 'बास दांस' हा संथ, उडी नसलेला जोडीनाच बसवलेला आहे. तबलजीच्या वहीतले बोल वाचावेत, तसा हा नाच वाचता येतो.

नाच लिहून ठेवायची गरज पडली ती दरबारामुळे. १५व्या शतकात सरदाराघरच्या मुलामुलींना तलवार आणि घोडेस्वारीइतकेच नृत्यही येणे भाग होते. नाचणारी जोडी मधोमध आणि बाकी सगळे बघणारे. प्रत्येक नाचात पावलांचा क्रम वेगळा, तेव्हा चूक झाली की ती चारचौघांत. यातून इटलीत नृत्यशिक्षकाचा पेशा उभा राहिला. फेर्राराच्या एस्ते दरबाराशी संबंध असलेल्या दोमेनिको दा पियाचेन्झाने शतकाच्या मध्याला नृत्यावर ग्रंथ रचला. त्याला गुरू मानणारा गुल्येल्मो हा ज्यू शिक्षक. त्याच्या ग्रंथाची १४६३ची प्रत मिलानच्या गालेआझ्झो मारिया स्फोर्झाला अर्पण केलेली आहे. चांगल्या नर्तकाच्या अंगी काय हवे, याच्या यादीत गुल्येल्मोने ताल आणि स्मरणशक्ती यांच्याबरोबर दालनाच्या लांबी-रुंदीचा अंदाजही घातला. दोमेनिकोची अपेक्षा याहून अवघड होती : मेडुसाचे मुंडके पाहिल्यासारखे क्षणभर थिजायचे आणि दुसऱ्या क्षणी ससाण्यासारखे झेपावायचे.

शतक संपता संपता पॅरिसच्या मिशेल तुलूझने बास दांसचे पुस्तक छापले आणि दरबारातली विद्या दुकानात विकायला आली. खरी मजल मात्र १५८९ची. फ्रान्समधल्या लांग्र गावचा एक धर्मगुरू, जेआन ताबुरो, वयाच्या सत्तरीला टेकलेला. त्याने आपल्याच नावाची अक्षरे उलटसुलट करून 'त्वानो आर्बो' हे टोपणनाव घेतले आणि 'ऑर्केसोग्राफी' प्रसिद्ध केली. पुस्तक गुरू-शिष्याच्या संवादाचे आहे. काप्रिओल हा शिष्य वकिलीचे शिक्षण घेऊन आलेला. तलवारबाजी आणि टेनिसमुळे त्याला मित्र मिळाले, पण नाचता येत नसल्याने मुलींपुढे त्याचे काही चालेना.

आर्बोने स्वर पानावर वरून खाली लिहिले आणि प्रत्येक स्वरासमोर हालचाल. 'गायार्द' या उड्यांच्या नाचाचे पाहा : चार मात्रांवर आलटून-पालटून चार वेळा पाय पुढे फेकायचा, पाचवीला उंच उडी, सहावीला ठेवणीत स्थिर. मात्रा सहा, पावले पाच. कोणत्या मात्रेला कोणता पाय, ही शंकाच उरत नाही. शिवाय आर्बोने दरबाराबाहेरही पाहिले. हातात हात गुंफून नाचायचे, प्रांतोप्रांतीचे 'ब्रांल' नाच त्याने त्याच काळजीने उतरवले.

पुढे १४व्या लुईने १६६१ मध्ये नृत्याची राजअकादमी काढली. १७०० साली फये या नृत्यशिक्षकाने छापलेल्या लिपीत नर्तकाची वाट वरून पाहिल्यासारखी रेषेने काढलेली असते, पावलांच्या खुणा त्या रेषेवर आणि चाल पानाच्या माथ्यावर. पॅरिसला बसवलेला नाच आता कागदावरून परदेशातल्या शिक्षकापर्यंत पोचू लागला.

या लिप्यांना सगळे पकडता आले नाही. हातांच्या हालचाली बऱ्याचशा सुटल्या आणि दोमेनिकोचा तो थिजलेला क्षण कोणत्याच खुणेत बसला नाही. तरीही आज कुणी गायार्द किंवा ब्रांल पुन्हा उभा करतो, तेव्हा त्याचा मुख्य आधार आर्बोचे पुस्तकच असते. त्या काळी गावोगावच्या चौकांत याहून कितीतरी अधिक नाच झाले असतील. लिहिणारा भेटला नाही म्हणून ते नाचणाऱ्यांबरोबरच गेले.